शेती शिकणाऱ्या मुलींच्या संघटनेला नावं ठेवण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या शेती कॉलेजच्या सोरॉरिटीवरचा, म्हणजे तिथल्या विद्यार्थिनींच्या संघटनेवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. लेखकांना मुलींचे ग्रीक अक्षरांचे टी-शर्ट दिसले, एकसारखे ड्रेस घालून काढलेले फोटो दिसले, आणि शेतीच शिकायची तर असले क्लब कशाला हवेत असं विचारून ते मोकळे झाले. त्या मुली एकत्र येऊन करतात काय, हे एकीला तरी विचारलं होतं का? लेखात तसं कुठेच दिसत नाही.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी, स्वतः बीएस्सी ॲग्री, आणि आता बरीच वर्षं ओहायोत राहते. माझी मुलगी इथे शेती शिकली आणि ती सिग्मा अल्फा नावाच्या अशाच सोरॉरिटीत होती, त्यामुळे जे लिहितेय ते घरात बघितलेलं आहे. ही संघटना सुरू झाली तीच मुळी आमच्या कोलंबसच्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत, १९७८ साली, पाच मुलींनी मिळून. शेती आणि तिच्याशी जोडलेल्या क्षेत्रात काम करू बघणाऱ्या मुलींसाठी आहे ती. आत यायला मार्कांची अट असते, वर्गणी असते, मीटिंगा असतात आणि समाजसेवेची कामं करावी लागतात.

आता १९७८ च का, हे लेखकांनी जरा शोधायला हवं होतं. शेती शिकणाऱ्या मुलांची फार्महाउस ही संघटना मिझुरीत १९०५ साली निघाली, अल्फा गॅमा ऱ्हो १९०८ ची. म्हणजे मुलांना सत्तर वर्षं आधीपासून आपली घरं, आपले सिनियर, आपले लोक होते, आणि त्यातलेच पुढे बँकेत, बियाणं कंपनीत, सरकारी खात्यात बसले की आपल्या कॉलेजच्या पोराला ओळखणार हे काय सांगायला हवं का. शाळेतल्या मुलांची एफएफए नावाची शेतीची मोठी संघटना आहे, ती १९२८ ची, आणि तिथे देशपातळीवर मुलींना सभासद करून घ्यायला १९६९ उजाडलं. मग त्याच मुली कॉलेजात आल्यावर त्यांनी स्वतःची संघटना काढली, सिग्मा अल्फानंतर १९८४ मध्ये सेरेस म्हणून आणखी एक निघाली. ह्यात चेष्टा करण्यासारखं काय आहे?

इथल्या फ्रॅटर्निटीत (मुलांच्या अशा संघटनांत) आणि सोरॉरिटीत नव्या पोरांना छळण्याचे प्रकार होतात, दारू चालते, फी भरमसाट असते, हे सगळं खरं आहे आणि त्यावर जरूर लिहा, मी स्वतः वाचेन. पण एकाच्या नावाने दुसऱ्याला झोडपू नका.

माझ्या मुलीचं सांगते. नोकरीचा मेळावा जवळ आला की वरच्या वर्गातल्या मुली हिचा बायोडेटा घेऊन बसायच्या, हे काढ, ते वर घे, गोठ्यात काम केलंयस ते शेवटी कशाला टाकलंयस, तेच पहिलं लिही असं सांगायच्या. पास होऊन बियाणं कंपनीत किंवा डेअरीत लागलेल्या मुली फोनवर सांगायच्या की कुठे जागा निघतेय आणि इंटरव्ह्यूला काय विचारतील. आणि ह्या मुली प्राथमिक शाळांमध्ये जाऊन लहान पोरांना अन्न कुठून येतं ते शिकवतात. शाळेत जायच्या आदल्या रात्री आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या, ओला कापूस आणि राजम्याच्या दाण्यांचा पसारा असायचा, प्रत्येक पोराची एक पिशवी, ती वर्गाच्या खिडकीला चिकटवायची आणि मोड कसा येतो, मूळ खाली कसं जातं ते त्यांनी रोज बघायचं. दुधाचा उगम दुकानातल्या फ्रिजमध्ये समजणाऱ्या शहरी पोरांसाठी हे केवढं मोठं काम आहे!

हे सगळं बघताना मला काय वाटायचं ते आता स्पष्टच लिहिते, कारण तुमच्या लेखाने ती जुनी खपली निघाली.

आम्ही महाराष्ट्रातल्या एका कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होतो. एक दिवस दुपारच्या प्रॅक्टिकलला मुलं कडक इस्त्रीचे शर्ट घालून, बुटांना पॉलिश करून आली. आम्ही विचारलं, काय रे आज काय आहे, तर कळलं सकाळीच एका खत कंपनीचे इंटरव्ह्यू झाले. आम्हाला पत्ताच नाही! कंपनीत आमच्याच कॉलेजचे सिनियर होते, ते आदल्या रात्री मुलांच्या होस्टेलवर आले, रूमवर बसून सगळं समजावून गेले, आणि मुलींच्या होस्टेलचं गेट संध्याकाळी सातला बंद झालेलं, तिकडे निरोप द्यावा हे कोणाच्या मनातही आलं नाही. नोटीस वगैरे काही नव्हती. आमच्यातली एक मृदाशास्त्रात बॅचमध्ये पहिली होती, ती तडक सरांकडे गेली, तर सर म्हणाले, अगं फिल्डची नोकरी आहे ती, मोटरसायकलवर गावोगाव हिंडायचं, तुला काय करायचीय. ती सुट्टीत घरच्या राजदूत मोटरसायकलला दुधाचे कॅन अडकवून डेअरीत जायची हो! सरांना ते माहीत नव्हतं कारण त्यांनी विचारलंच नाही. पुढे तिने बीएड केलं, शाळेत विज्ञान शिकवते, चांगलं शिकवते, पण हातात माती घेऊन तिला जे कळायचं ते वाया गेलं असं मी आजही म्हणते. तेव्हा तिला फोन करून सांगणारी एक जरी ताई त्या कंपनीत असती तरी पुरे होतं, आणि अशा ताया तयार करायच्या म्हणूनच ह्या इकडच्या मुली एकत्र येतात.

आपल्याकडे शेतकरी बायका एकत्र आलेल्याच नाहीत असं नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, माझी आत्या ट्रकमध्ये बसून गेली होती आणि त्यावर ती मरेपर्यंत बोलायची. त्यानंतर संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगावच्या बायकांच्या नावावर जमिनी लागल्या. तो इतिहास आपला आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण शेतीची डिग्री घेणाऱ्या मुलींसाठी तसं काही मी तरी माझ्या शिक्षणात बघितलं नाही, राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं असलेल्या राज्यात. गरज नाही म्हणावं तर आकडे बघा. २०१७-१८ च्या सरकारी श्रमबल पाहणीत कामकरी ग्रामीण बायकांपैकी ७३ टक्के शेतीत होत्या, पुरुषांपैकी ५५ टक्के. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत बायकांच्या नावावरची वहितीची खाती जेमतेम १४ टक्के. राबायला चारातल्या तिघी आणि सातबाऱ्यावर हे असं. अमेरिकेतही सगळं आलबेल आहे असं नाही, तिथल्या २०२२ च्या गणनेत शेती चालवणाऱ्यांत बायका ३६ टक्के आहेत, म्हणजे तिथेही निम्म्या नाहीतच. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलंय, त्यानिमित्त तुमच्या पेपरने पुरवणी काढली तर अशा मुलींना लिहायला सांगा, बाहेरून बघणाऱ्यांना नको.

लिहितेच आहे तर आणखी एक. तुमच्याच नाही, सगळ्याच पेपरांत दरवर्षी रावेच्या, म्हणजे कृषी विद्यार्थ्यांनी गावात राहून करायच्या कार्यानुभवाच्या काळात बातम्या येतात, अमुक गावात कृषीकन्यांनी (म्हणजे ह्या विद्यार्थिनींनी) बोर्डो मिश्रणाचं, पिकावरच्या बुरशीसाठी फवारायच्या औषधाचं, प्रात्यक्षिक दाखवलं. आम्हीही दाखवलं होतं. एक किलो मोरचूद एका प्लास्टिकच्या बादलीत, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या बादलीत, दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतायचं आणि काठीने ढवळत राहायचं, पाणी सगळं मिळून शंभर लिटर. मग लोखंडी सुरी बुडवून बघायची, पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना अजून घालायचा, नाहीतर पानं करपतात. चुना विरघळवताना हाताला चटके बसले होते आमच्या. आणि दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला तो काठी धरलेल्या सरपंचांचा, बातमीत सरपंच, ग्रामसेवक, प्राचार्य, मार्गदर्शक सर सगळ्यांची नावं, आणि आम्ही नुसत्या 'कृषीकन्या'. परवा तुमच्या जिल्हा पानावर अगदी तशीच बातमी बघितली, इतकी वर्षं झाली तरी तश्शीच. पाहुण्यांची नावं छापायला जागा मिळते, मग ज्यांनी काम केलं त्या पाच-सहा पोरींची नावं का बसत नाहीत? घरी आईवडील ते कात्रण जपून ठेवतात, उद्या नोकरी मागायला जाताना मुलगीही ते फाइलला लावेल. कृपया तुमच्या वार्ताहरांना सांगा, नावं घ्या आणि छापा.

पत्र लांबलं, काटछाट करायची तर आकडे काढा पण इंटरव्ह्यूचा भाग आणि नावांची विनंती ठेवा.

आपली,
एक वाचक, कोलंबस, ओहायो