ते छायाचित्र नव्हे, संकल्पचित्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील रेल्वेविषयक लेखासोबत लाल नाकाच्या, रुपेरी अंगाच्या अमेरिकन डिझेल इंजिनाचे जे चित्र प्रसिद्ध झाले, त्याखाली ‘जुने छायाचित्र’ असे छापले आहे. ते छायाचित्र नसून हाताने रंगवलेले संकल्पचित्र आहे. भिंगातून पाहिल्यास मागच्या डब्यांच्या खिडक्या कुंचल्याच्या एकेका फटकाऱ्यात उरकलेल्या दिसतात; शिवाय चित्रकाराने नजर रुळांलगतच्या खडीइतकी खाली ठेवल्यामुळे इंजिनाचे नाक निम्मा कागद व्यापते, आणि त्याच्या गोलाईवरून आभाळाचा उजेड ओघळतो.

सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत मी अनेक वर्षे ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंगवरचे आमचे तीन बाजूंचे नकाशे कारागिराला पुरत, पण गिऱ्हाइकाला यंत्र डोळ्यांपुढे उभे करायला रंगीत चित्रच लागे. रेल्वे कंपन्यांचेही तसेच होते. १९३४ मध्ये बर्लिंग्टन झेफर ही पोलादी डिझेल गाडी डेन्व्हरहून शिकागोला, सुमारे १,६०० किलोमीटर, १३ तास ५ मिनिटांत पोहोचली आणि प्रवासी गाड्यांसाठी डिझेलचा आग्रह वाढला. पुढे १९३७ मध्ये सांता फे रेल्वेच्या सुपर चीफ गाडीच्या नव्या इंजिनांना जनरल मोटर्सच्या लेलँड निकरबॉकर या चित्रकाराने योजलेली लाल, पिवळी आणि रुपेरी रंगसंगती मिळाली. ते रंग म्हणजे वरून फासलेली शोभा नव्हती. लाल पट्टा नाकाच्या वळणाबरोबरच मागे वळतो, म्हणजे पत्र्याचा घाट आणि रंगाची रेघ यांचा विचार एकत्रच झालेला आहे. ते नाकही केवळ वारा कापण्यासाठी नव्हते. फाटकावर टक्कर झालीच तर चालकापुढे काही अंतर राहावे, हाही त्यामागचा हेतू होता.

मिरज स्थानकात आम्ही वर्षानुवर्षे पाहिलेले भारतीय रेल्वेचे डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन मात्र चौकोनी, कारण तोवर दुरुस्तीला सोपी आणि मागे-पुढे दोन्हीकडे पाहता येईल अशी बांधणी रूढ झाली होती. त्यामुळे ते गोल नाक आपल्याकडच्या पुष्कळांना परके वाटणे स्वाभाविक आहे.

पण यंत्र आणि चित्र यांचे नाते आपल्या जिल्ह्याला परके नाही. किर्लोस्करवाडीत नांगर आणि पंप तयार होत होते, तेव्हा त्यांच्या जाहिराती सजवणारे शंकरराव किर्लोस्कर मुळात चित्रकलेचेच विद्यार्थी होते. अशा कामाला आपण ‘जाहिरातीचे चित्र’ म्हणून बाजूला सारतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारखान्यांच्या जुन्या कपाटांतील कितीतरी रंगीत नमुने याच समजुतीपायी रद्दीत गेले आहेत.

म्हणून विनंती अशी, की येत्या रविवारी तेच चित्र मोठ्या आकारात, पूर्ण रंगांत आणि ‘संकल्पचित्र’ या योग्य ओळीसह पुन्हा छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, मिरज (जि. सांगली)