चर्चच्या भिंतींना चुना हवा, सिमेंट नको : दुरुस्तीसाठी आवाहन

प्रिय धर्मग्रामस्थांनो आणि वसईकरांनो,

वसईचा किल्ला पाहायला आलेली माणसे हल्ली आपल्या चर्चमध्येही येतात. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमलात किल्ल्यात उभ्या राहिलेल्या बहुतेक चर्चांवर आज छप्पर नाही. इथे मात्र रोज मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, होते, तीही मराठीत. पाहुणे वेदीचे कोरीवकाम डोळे भरून बघतात आणि वळताना भिंतीच्या पायथ्याशी फुगलेला गिलावा बघून विचारतात, "हे असे कसे झाले?"

तिथे बोट फिरवून बघा, पांढरी पूड हाताला लागेल. तो क्षार आहे. जुन्या दगडी भिंतींच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडते. मागच्या दुरुस्त्यांत त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट चढला. ओलीची वाट बंद झाली, ती आणखी वर चढली. गिलाव्यामागे क्षार साचून त्याचे खडे बनले आणि त्यांनी गिलावा ढकलून दिला. भिंतीला लागून बसवलेल्या पेव्हर ब्लॉकमुळे पावसाचे पाणीही पायाशीच मुरते. हे सगळे भाविकांनी प्रेमानेच केले होते. म्हणूनच यंदा विनंती आहे : सिमेंटच्या गोण्या आणि रंगाचे डबे आणून देऊ नका.

हवा आहे तो कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून निघालेला, अजून पाणी न लागलेला चुना. तो हौदात विरवून किमान १५ दिवस, जमल्यास महिनाभर पाण्याखाली ठेवावा लागतो. घाईने वापरला तर न विरलेले खडे गिलाव्यात राहतात आणि भिंतीवर गेल्यावर फुटतात. प्रमाण साधारण १ भाग चुना, १ भाग सुरखी (भाजलेल्या विटांची पूड), २ भाग वाळू. वाळू नदीची, धुतलेली हवी. समुद्राची वाळू म्हणजे पुन्हा मीठच. जुना सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोडीने काढायचा, ब्रेकर लावायचा नाही. त्याच्या हादऱ्याने दगडांमधला जुना चुना सुटतो. मग भिंत वाळू द्यायची, क्षार ब्रशने झाडायचा. एक थर १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली दहा दिवस ओलसर ठेवायचा. या कामाला उन्हाळ्यापूर्वीचे कोरडे महिनेच योग्य. म्हणून आत्ताच हाक देत आहोत.

दुसरे काम छपराचे. दरवर्षीची शाकारणी चुकली की एका फुटक्या कौलातून पडणारे पाणी वाशाच्या टोकावर साचते. नेमके ते टोक भिंतीत गेलेले असते, तिथे वाळवी लागते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एक चौरस मीटर छपराला सुमारे १५ मंगलोरी कौले लागतात. नवी कौले आणून भागत नाही. प्रत्येक कारखान्याच्या साच्याच्या खाचा वेगळ्या, त्यामुळे नवे कौल जुन्यात नीट बसत नाही. वसईत जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. आपले घर पाडणार असाल तर कौले आणि सागवानी वासे भंगारात घालण्यापूर्वी आम्हाला कळवा. कौलाच्या मागचा कारखान्याचा छाप वाचून ठेवा. बोटाने टिचकी मारा : खणखणीत वाजले तर ठेवा, बद्द आवाज आला तर तडा आहे.

पैसे देणाऱ्यांसाठी : एका चौरस मीटर शाकारणीचा आणि एका चौरस मीटर गिलाव्याचा खर्च कार्यालयाबाहेरच्या फलकावर लिहिला आहे. जितके मीटर जमतील तितके घ्या. पावतीशिवाय कुणाच्या हातात रक्कम देऊ नका. भारतीय पासपोर्ट असलेल्या वसईकरांनी परदेशातून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी धरली जात नाही. मात्र पासपोर्ट परदेशी असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असूनही ती विदेशी देणगीच ठरते, आणि ती एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेच्या दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातूनच घेता येते. अशा बांधवांनी आधी कार्यालयाशी बोलावे, मगच रक्कम पाठवावी.

हातही हवेत. गिलावा काढणे, गोणपाट भिजवणे, कौले घासून लावणे ही कामे तरुणांना जमतील. चुना विरवताना मात्र रबरी हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल सक्तीचा. चुना डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवत राहायचे आणि दवाखाना गाठायचा.

रविवारच्या मिस्सेनंतर पाहुण्यांना चर्च दाखवणारे दोघे-तिघेही हवेत. नाशिकची नारोशंकराची घंटा आणि भीमाशंकरची १७२९ सालची घंटा मराठ्यांच्या १७३९ च्या विजयानंतर वसईकडून गेल्या, हे आपल्याकडे आलेल्या नाशिककराला आवर्जून सांगावे. तो जरा वेळ थांबून ऐकतो. लग्न किंवा अंत्यविधी असेल तेव्हा पाहुण्यांना अंगणातच थांबवायचे, वेदीजवळ फ्लॅश वापरू द्यायचा नाही.

नावे रविवारी मिस्सेनंतर कार्यालयात द्या. कौले आणणार असाल तर ती उभी रचून आणा. आडवी टाकली की वाटेतच निम्मी फुटतात.

आपली,
चर्च दुरुस्ती समिती