रविवारचा रिट्रीव्हर सराव : सभासदांसाठी सूचना

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ६.३० वाजता सासवडजवळच्या नेहमीच्या शेतावर रिट्रीव्हर, म्हणजे फेकलेली वस्तू तोंडात धरून आणणाऱ्या कुत्र्यांचा सराव आहे. ९ वाजता आवरायचं. लॅब्रेडॉरला ऊन सोसत नाही.

या वेळी शेततळ्यातून डमी (खऱ्या पक्ष्याऐवजी फेकायची कापडी वळकटी) आणायला शिकवू. लेप्टोस्पायरोसिसची (दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची) लस झालेली नसेल, तर कुत्र्याला पाण्यात उतरवू नका.

• शिट्टी सगळ्यांची एकच: एक लांब म्हणजे थांबून बस, छोट्या-छोट्या म्हणजे परत ये. मागच्या खेपेला प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती, बिचारी कुत्री गोंधळली.
• ५०० ग्रॅमची कॅनव्हासची डमी मोठ्या कुत्र्यांसाठीच. चार ते सहा महिन्यांच्या पिल्लांचे दात बदलत असतात, त्यांना गुंडाळलेला मोजा पुरे. तोंडातली वस्तू ओढू नका. चावून धरायची सवय लागते आणि ती मोडताना नाकी नऊ येतात.
• डमी पडताच कुत्रा धावला तर ती चूक आपली. आधी बसवा, नाव घेऊनच सोडा.
• दहा मीटरची दोरी, पाणी आणि टॉवेल आणा.

जिवंत पक्षी आणायचा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. आपलं काम डमीवरच चालतं.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कुत्र्याचं नाव आणि वय कळवा. माजावर आलेल्या मादीला कृपया घरीच ठेवा.