शाल नको म्हणालात, म्हणून हे पत्र

काकी,

सा. न. वि. वि.

महोत्सवात आम्हा सगळ्यांना सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, फिरवून आणलंत, पण त्याबद्दलचं शाल-श्रीफळ तुम्ही घेतलं नाहीत. पाकीट तर हातातसुद्धा धरलं नाहीत. ‘गुरांमागं जातेच की रोज, त्याचे कोन पैसे देतं?’ असं म्हणून पदर खोचलात आणि गोठ्याकडे चालू लागलात. वर नाव कुठे छापायचं नाही अशी तंबी दिलीत. म्हणून नाव लिहीत नाही. पण आभार चारचौघांत मानणार, ते तुम्हाला चालवून घ्यावं लागेल. नातू मोबाइलवर वाचून दाखवेल, तेव्हा त्याच्यावर डाफरू नका. लिहिणारा मी आहे.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला साहित्याचे कार्यक्रम काही नवे नाहीत. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, कोकण मराठी साहित्य परिषद १९९१ पासून गावोगाव संमेलनं भरवते आहे. अडचण एकच. कार्यक्रम म्हटला की दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, सत्कारावर सत्कार आणि ज्याला ऐकायला लोक आले त्या लेखकाच्या वाट्याला शेवटची वीस मिनिटं, तीही ‘वेळेअभावी’ आवरती. आमच्या मंडळाला आपल्या पंचक्रोशीच्या महोत्सवात ते नको होतं. सकाळी सड्यावर फेरी आणि दुपारी देवळाच्या सभामंडपात लेखकाशी गप्पा, एवढाच बेत. लेखक मिळाले, माईक मिळाला, चटया मिळाल्या. सड्यावर कोण नेणार ते मात्र ठरेना. कातळशिल्पांची माहिती सांगणारे बरेच आहेत. आम्हाला पावसाळ्यातला सडा पायाखालचा असलेलं माणूस हवं होतं. वाडीत ज्याला विचारावं तो तुमच्या घराकडे बोट दाखवी.

तुम्ही आधी नाहीच म्हणालात. ‘मला भाषण येत नाय.’ मग भाषण करायचं नाही या अटीवर आलात, आणि आल्या आल्या आमच्या सगळ्या आखणीची वासलात लावलीत. आम्ही नऊला निघणार होतो, तुम्ही सातला हजर. ‘ऊन चढल्यावर कातळ भाजतो, काय बघनार?’ आम्ही साठ माणसांची नावं घेतली होती, तुम्ही निम्मी खाली थांबवून दुसऱ्या खेपेला नेलीत. सगळ्यांना एकामागोमाग एक चालायला लावलंत, तेही गवताच्या कडेच्या उघड्या कातळावरून. पुढचा ठेवील तिथेच मागच्याने पाऊल ठेवायचं. ‘दगड उचलून बघायचा नाय. खाली फुरसं असतं, ते काय आपल्याला पाव्हना समजत नाय.’ त्यानंतर पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी दगडावर बसणंसुद्धा बंद केलं.

गणपती नुकतेच गेले होते, म्हणजे सडा ऐन भरात. सीतेच्या आसवांचा जांभळा पट्टा, मध्ये गेंदाचे पांढरे ठिपके, बांधाकडेला कवळ्याची पिवळी फुलं. फोटो काढणाऱ्यांचं एवढ्यावर भागलं असतं. तुम्ही मात्र उकिडव्या बसलात आणि शाळेतल्या मुलींना जवळ बोलावलंत. बोटाएवढंही नसलेलं तांबूस रोप. पानावर केसांसारखे तंतू, प्रत्येक तंतूच्या टोकाला चिकट थेंब. एका थेंबात चिलटाएवढी माशी अडकली होती आणि तिचा एक पाय अजून हलत होता. ‘हे खातं तिला,’ एवढंच तुम्ही म्हणालात. सोबत वनस्पतिशास्त्राचे सर होते, ते पुढचं बोलले. याचं नाव दवबिंदू. कातळावरच्या चिमूटभर मातीत नत्र जवळजवळ नसतं, ती उणीव हे झाड किडे खाऊन भरून काढतं. सीतेची आसवंही त्याच पंथातली, फक्त त्यांचे सापळे जमिनीखाली, ओल्या मातीत, डोळ्यांना सहज दिसणार नाहीत एवढ्या बारीक फुग्यांचे. सर छानच बोलले. पण सगळे गुडघे टेकून खाली वाकले होते ते तुम्ही वाकलात म्हणून. मंचावरून सांगून एवढी माणसं वाकत नाहीत.

सातबाऱ्यावर ह्या जमिनीला पोटखराबा, म्हणजे लागवडीला निकामी, म्हणतात. माझ्या आजोबांच्या उताऱ्यावरही तसंच आहे, आणि घरातही ती जमीन त्याच नजरेने पाहिली गेली. चिरेखाणीला द्यायची की कलमं लावायला सुरुंग लावून खड्डे मारायचे, एवढीच चर्चा. तुम्ही चालता चालता दाखवत गेलात: इथे पाऊस साठतो, तिथून तो जिरतो, खाली वाडीच्या विहिरीला मेपर्यंत पाणी राहतं ते ह्या पाण्यामुळं. पलीकडच्या सड्यावर खाण झाली आणि खालची विहीर मार्चमध्ये तळाला गेली, हेही सांगितलंत. कुणाचं नाव घेतलं नाहीत. मीही घेत नाही.

देवाचे गोठणे गावच्या सड्यावरच्या त्या कोरीव माणसापाशी पोचलो तेव्हा मंडळी जरा गंभीर झाली. जांभ्यात कोरलेली एकच मानवाकृती, आडवी, भोवती मोकळा कातळ. आमच्यातल्या एकाने पाठ केलेली माहिती सांगायला घेतली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडे पालथे घालून ही शिल्पं उजेडात आणली. काशेळीचा हत्ती जवळजवळ अठरा मीटर लांबीचा आहे. २०२२ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातली मिळून नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यात हे एक. अभ्यासक काळ मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. सगळं बरोबर आणि हवंच. पण त्यातल्या एका लहान मुलाने तुम्हाला विचारलं, ‘हा कोण?’ आणि तुम्ही म्हणालात, ‘मानूस हाय. निजलाय. पाय लावू नको.’ त्यानंतर कुणी त्या रेषांवरून चाललं नाही. दोरी बांधायची आम्ही ठरवली होती, ती पिशवीतच राहिली.

मग होकायंत्राचा खेळ झाला. त्या शिल्पापाशी सुई भलतीच दिशा दाखवते, हे ऐकून पोरांनी मोबाइल खाली ठेवले आणि ओरडाआरडा सुरू झाला. तुम्ही थोडा वेळ बघितलंत आणि म्हणालात, ‘आमच्या म्हशी तर बरोबर घरला येतात.’

दुपारचा कार्यक्रम मला जास्त लिहायला हवा, कारण खरे उपकार तिथे झाले. लेखकबाईंनी फेरीत तुमच्यामागून चालायचं ठरवलं होतं आणि त्या मुकाट चालल्या. सभामंडपात नेहमीचे प्रश्न येतात: लिहायची प्रेरणा कुठून मिळते, पहिलं पुस्तक कसं सुचलं. त्या दिवशी तसला एकही आला नाही. सातवीतल्या मुलीने विचारलं की तुमच्या गोष्टीत सडा ‘ओसाड’ असतो, तो कोणत्या महिन्यातला? बाई हसल्या आणि प्रामाणिकपणे म्हणाल्या, एप्रिल-मेमधला, सुट्टीत गावी यायचो तेव्हाचा. मग त्यांनी माईक खाली दिला आणि शेवटच्या रांगेत खांबाला टेकून बसलेल्या तुम्हाला विचारलं, जूनमध्ये पहिलं काय उगवतं? तुम्ही माईक घेतलाच नाहीत. जागेवरूनच सुरू झालात: पहिल्या पावसानंतर कुठली पांढरी फुलं येतात, टाकळ्याची भाजी कुठवर कोवळी असते, फोडशीची कुठल्या बांधाला, पूर्वी सड्यावर माती आणून कशी नाचणी घालायचे, दगडांचे गडगे कुणी रचले, गुरं कुठल्या डबक्यावर जातात. भाषण येत नाही म्हणणारं माणूस अर्धा तास बोललं आणि मागच्या पुरुषमंडळींनी ‘आवाज येत नाय’ म्हणून चटया पुढे ओढल्या. लेखकबाई वहीत लिहून घेत होत्या.

साहित्याच्या कार्यक्रमात ऐकणारा कोण आणि सांगणारा कोण, हे आम्ही नेहमी आधी ठरवून खुर्च्या मांडतो. यंदा खुर्च्या नव्हत्या हे बरंच झालं, पण ते श्रेय आमचं नाही. मांडववाल्याचा टेम्पो चिखलात रुतला होता.

आणि जेवणाचं राहिलंच. आम्ही पुलाव सांगितला होता. तुम्ही आणि शेजारच्या दोघी जणींनी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ आणलीत, वर तवसाची, म्हणजे मोठ्या काकडीची, कोशिंबीर. पुलाव बराच उरला.

निघताना मी परत विचारलं, मंडळातर्फे काहीतरी घ्याच. तेव्हा तुम्ही पाखाडीकडे, देवळाकडे उतरणाऱ्या दगडी पायवाटेकडे, बोट केलंत. मधले चिरे निसटलेत, पावसात पाण्यानं खालची माती गेली आहे, पलीकडच्या आजींना देवळात उतरता येत नाही. ‘ती नीट करा. माझं काय ते त्यात आलं.’

तर काकी, मंडळाच्या बैठकीत विषय मांडला आणि मंजूर झाला. शालींचे आणि स्मृतिचिन्हांचे पैसे त्यात वळवलेत. नवे चिरे घ्यायचे नाहीत, पडक्या गडग्यातले, मालकाला विचारून, जुनेच वापरायचे असं ठरलंय. सड्याबद्दल एवढं ऐकल्यावर खाणीतून माल मागवायला कुणी धजावलं नाही. वाडीतला गवंडी येतोय, आम्ही मुंबईची पोरं हाताखाली. दिवाळीच्या आधीचा रविवार धरलाय, भातकापणी उरकलेली असेल तर. नसेल तर फोन करा, पुढे ढकलू. कुठला चिरा कुठे बसत होता ते तुम्हालाच माहीत, तेव्हा उभं राहून सांगायला तुम्ही लागणार. डबे आम्ही आणतो. घावणे केलेत तर नाही म्हणणार नाही.

आपला,
मंडळातला एक कार्यकर्ता