मशीन भंगारात द्यायचं नाही

वडगाव, बेळगाव
१४ जुलै

प्रिय शोभा,

तुझं पत्र परवा मिळालं. निपाणीत पाऊस कसा आहे, सासूबाईंचा गुडघा काय म्हणतोय, काहीच लिहिलं नाहीस. पानभर मशीनचं गाऱ्हाणं आणि शेवटी एक ओळ, 'भंगारवाल्याला देऊन टाकते झालं.' ती वाचून पोटात धस्स झालं गं. मावशींनी ते पायमशीन तुला लग्नात दिलं, तेव्हा त्याला हळदकुंकू मी लावलं होतं. ते द्यायचं नाही.

वरून टाका बरा, खालून दोऱ्याचं जाळं, असं तू लिहितेस. जाळं खाली दिसतं म्हणून आपण खालच्या दोऱ्याची बॉबिन केस काढतो आणि तिचा स्क्रू पिळत बसतो. चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते. टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन गोल चकत्या आहेत ना, त्या कापड दाबणारं फूट खाली असलं की एकमेकींना चिकटतात आणि फूट उचललं की सुटतात. फूट खाली ठेवून ओवलंस तर दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही, मग त्याला धरणारं कुणी उरत नाही आणि तो सैल होऊन खाली गुंततो. म्हणून सगळा दोरा काढ, फूट वर कर, चाक फिरवून सुई अगदी वर आण आणि रिळापासून नव्याने ओव. वर-खाली होणाऱ्या दांड्याचं भोक चुकवू नकोस. मग फूट टाकून सुईजवळ दोरा ओढ. हाताला ओढ लागली पाहिजे. सुळकन आला तर परत ओव.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर माझं हेच झालं होतं. ब्लाउजांचा ढीग पडलेला आणि मी दोन तास स्क्रू फिरवतेय. रात्री अकराला दोरा नव्याने ओवला, तेव्हा जाळं थांबलं. पण स्क्रू तोवर पार हललेला, तो जागेवर आणण्यात दुसरा दिवस गेला. तूही फिरवला असशील तर भरलेली केस दोऱ्याला लोंबकळती धर आणि हात हलकेच झटक. बोट-दोन बोटं उतरून थांबली तर बरोबर. आपोआप घसरली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. एका वेळी घड्याळातल्या पाच मिनिटांएवढंच फिरव.

आणि सुई कधी बदललीस? बोथट किंवा किंचित वाकलेली सुई टाके सोडते, आणि तिचं वाकणं डोळ्यांना दिसतही नाही. साध्या सुती कापडाला १४ नंबर, जॉर्जेटसारख्या पातळाला ११, जाडजूड कापडाला १६. खणाच्या ब्लाउजला आत अस्तर असतं म्हणून मी १४च लावते. सुईची लांब खाच दोरा ओवायच्या बाजूला आली पाहिजे, चपटी बाजू तिच्या पलीकडे. वर टेकेपर्यंत घाल आणि मगच स्क्रू आवळ.

मशीन जड चालतंय म्हणतेस. खोबरेल घातलंस का? खरं सांग. ते आत चिकटून बसतं आणि थंडीत तर थिजतंच. बॉबिन केस बसते त्या शटलजवळ आणि तेलाच्या भोकांत रॉकेलचे चार-चार थेंब सोड, दोरा न ओवता थोडा वेळ चालव, पुसून घे आणि मग मशीनचंच तेल घाल. त्याआधी सुईखालची पट्टी काढून बघ, कापड ढकलणाऱ्या दातांखाली तंतूंची चक्क गादी बसलेली असेल. कापड पुढे सरकत नाही ते त्यामुळेच. आमचे बाबा रोज सकाळी मागावरचे तंतू झाडल्याशिवाय धोट्याला हात लावत नसत. मी जुना टूथब्रश मशीनच्या खणातच ठेवते.

बॉबिन भरल्यावर चाक फिरतं पण सुई हलत नाही, तेव्हा चाकाच्या मधला मोठा स्क्रू आवळायचा राहिलेला असतो. त्यासाठी कुणाला बोलवू नकोस.

एवढं झालं की एक चिंधी दुहेरी घडी करून शिव, वर पांढरा दोरा, खाली लाल. वरच्या बाजूला लाल ठिपके दिसले तर वरचं टेन्शन जरा सैल कर, खाली पांढरे फास दिसले तर घट्ट. तरी जमलं नाही तर ती चिंधी पाकिटात घालून पाठव, टाका बघून मी सांगते. आणि सासूबाईंच्या गुडघ्याचंही लिही.

तुझीच,
मंगल