फनहाउसमधल्या रूडीला चार ओळींत उडवू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला जुन्या खेळयंत्रांवरचा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल मनापासून आभार, कारण मराठी दैनिकात पिनबॉलला, म्हणजे काचेखालच्या उतरत्या पटावर पोलादी गोळा खेळवायच्या यंत्राला, एवढी जागा मिळालेली माझ्या तरी पाहण्यात नाही. मात्र त्यात ‘फनहाउस’ या यंत्राची बोळवण चार ओळींत झाली आहे, आणि त्या ओळींत त्याला ‘भीतीदायक बाहुलीचं डोकं बसवलेलं नशिबाचं यंत्र’ म्हटलं आहे. हे मला पटलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

मी पुण्यात गणेश मंडळांसाठी हलते देखावे बनवतो. वडीलही हेच काम करायचे. जोडीला शाळांमधून शब्दभ्रमाचे, म्हणजे बोलक्या बाहुल्यांचे कार्यक्रम करतो. मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्याकडे राहायला गेलो होतो तेव्हा घराजवळच्या एका हॉलमध्ये जुनी पिनबॉल यंत्रं चालू स्थितीत मांडलेली पाहिली. फनहाउस मी तिथे खेळलो, आणि तिथल्या मेकॅनिकने माझा धंदा ऐकून काच काढून, पट उचलून आतलं सगळं दाखवलं. पुढे लिहितो आहे ते त्यावरून आणि नंतरच्या वाचनातून.

नशिबाचा मुद्दा आधी संपवतो. ही समजूत जुनीच आहे. तिच्यापायी न्यूयॉर्क शहरात १९४२ साली महापौर ला गार्डिया यांच्या काळात पिनबॉलवर बंदी आली आणि यंत्रं हातोड्याने फोडली गेली. तेव्हा यंत्राला फ्लिपर, म्हणजे बटण दाबून गोळा परतवणारे छोटे दांडे, नव्हतेच. ते १९४७ साली आले आणि गोळा परतवणं खेळाडूच्या हातात आलं. बंदी मात्र १९७६ पर्यंत टिकली. त्या वर्षी रॉजर शार्प या पत्रकार आणि पट्टीच्या खेळाडूने शहराच्या लोकप्रतिनिधींसमोर यंत्रावर खेळून, गोळा कुठे नेणार ते आधी सांगून दाखवलं आणि बंदी उठली. पोलादी गोळा साधारण ८० ग्रॅमचा, पटाचा उतार साडेसहा अंशांच्या आसपास. यंत्राच्या पोटात धातूच्या कड्यात एक ओळंबा टांगलेला असतो. यंत्राला प्रमाणाबाहेर धक्का दिला की तो कड्याला टेकतो, फ्लिपर बंद पडतात आणि गोळा हातचा जातो. थोडा धक्का मात्र चालतो, आणि तो किती द्यायचा हे हातालाच कळावं लागतं. पट्टीचा खेळाडू खेळताना बघितला की नशिबाची भाषा कुणी करणार नाही.

आता फनहाउस, म्हणजे जत्रेतलं गमतीचं घर. शिकागोच्या विल्यम्स कंपनीने ते १९९० च्या नोव्हेंबरात बाजारात आणलं. आराखडा पॅट लॉलर यांचा, प्रोग्रॅम लॅरी डीमार यांचा, चित्रं जॉन युसी यांची, संगीत ख्रिस ग्रॅनर यांचं. लॉलर यांची आधीची यंत्रं पाहिली तर ते कशाच्या मागे होते हे ध्यानात येतं. १९८८ च्या ‘बान्झाय रन’मध्ये त्यांनी मागच्या पेटीत एक दुसरा, उभाच पट बसवला. १९८९ च्या ‘अर्थशेकर’मध्ये भूकंप झाला की मोटरने अख्खं यंत्र हातांखाली थरथरायचं. १९९० च्याच ‘व्हर्लविंड’मध्ये वादळ आलं की वरच्या पंख्याचा वारा खेळाडूच्या तोंडावर यायचा. काचेच्या आतला खेळ बाहेर उभ्या माणसापर्यंत पोचवायची ही सगळी धडपड. फनहाउसमध्ये त्यांनी यंत्रातून माणसाकडे बघणारं कुणीतरी बसवलं.

त्याचं नाव रूडी. शब्दभ्रमकाराच्या मांडीवर असते तशा बाहुलीचं नुसतं डोकं, पटाच्या वरच्या अंगाला बसवलेलं. तो बोलतो, हसतो, खेळाडूला चिडवतो. गोळा तोंडावर आदळला की ओरडतो. आवाज दिला आहे एड बून यांनी. तेव्हा ते विल्यम्समध्ये प्रोग्रॅमर होते, आणि दोनच वर्षांनी ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या व्हिडिओ गेममुळे त्यांचं नाव जगभर झालं.

डोक्याची यंत्रणा मी जवळून पाहिली. डोळे डावीकडे ओढायला एक कॉइल, म्हणजे वीज दिली की दांडा ओढणारं तारेचं वेटोळं, उजवीकडे ओढायला दुसरी. दोन्ही सुटल्या की बुबुळं मध्ये येतात. पापण्या उघडायला एक कॉइल, मिटायला एक. जबड्याला मोटर. इतकंच. आमच्या देखाव्यात अफझलखान मान वळवतो तेव्हा त्यामागे एक गिअर मोटर, एक कॅम आणि एक दांडा असतो. त्या हिशोबाने रूडीच्या डोक्यात फार मोठं काही नाही. मोठेपण आहे ते या पाच हालचाली कधी करायच्या यात.

यंत्राला गोळा दिसत नाही. कॅमेरा नाही. पटावर ठिकठिकाणी स्विच आहेत. गोळा एखाद्या स्विचवरून गेला की आतल्या संगणकाला तेवढंच कळतं, आणि पुढचा स्विच दबेपर्यंत गोळा कुठे आहे याचा त्याला पत्ता नसतो. तरी खेळणारा शपथेवर सांगेल की रूडी गोळ्यावर नजर ठेवून आहे. गोळा डावीकडच्या स्विचवर लागला की बुबुळं डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. मधली जागा खेळाडूचं मन भरून काढतं.

शब्दभ्रमात नेमकं हेच घडतं. नवशिका माणूस सगळं लक्ष स्वतःच्या ओठांवर ठेवतो. प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं ओठ न हलवता कशी काढायची यातच तो बेजार असतो. पण प्रेक्षकांचं लक्ष माझ्या ओठांवरून कधी उडतं? बाहुली वेळेवर माझ्याकडे वळून बघते तेव्हा. मी बोलत असताना तिने प्रेक्षकांकडे बघायचं, माझं वाक्य संपायच्या किंचित आधी माझ्याकडे वळायचं, आणि मग बोलायचं. हे जमलं की एखादं ‘प’ घसरलं तरी कुणी बघत नाही. यशवंत पाध्ये यांनी घडवलेला आणि रामदास पाध्ये यांनी घराघरांत नेलेला अर्धवटराव आपल्याकडच्या तीन पिढ्यांना माणूस वाटला, त्यात या वळून बघण्याचा वाटा फार मोठा आहे असं मी मानतो. शिकागोच्या त्या मंडळींनी हीच विद्या कॉइल आणि स्विचच्या भाषेत मांडली आहे. मला तर ती पाहून हरखून जायला झालं.

दुसरी गोष्ट घड्याळाची. पटावर दिव्यांचं एक घड्याळ आहे. खेळाडू जसजसा नेमून दिलेल्या जागी गोळा मारतो तसतशी वेळ पुढे सरकते. रूडी त्यावरून वैतागतो, घड्याळाशी खेळू नकोस म्हणून दटावतो. जत्रा मिटायची वेळ जवळ आली की तो पेंगायला लागतो, आणि बारा वाजले की तोंड उघडं टाकून झोपतो. मग खेळाडूने काय करायचं, तर गोळा थेट त्या उघड्या तोंडात मारायचा. रूडी दचकून जागा होतो, एकदम तीन गोळे पटावर येतात आणि पटावरचं चोरदार उघडं असताना त्यात गोळा घालून मोठे गुण मिळवायचे. म्हणजे नियम पाठ करावे लागतच नाहीत. झोपलेल्या माणसाच्या उघड्या तोंडाकडे बघून लहान मुलालाही कळतं की नेम कुठे धरायचा.

शब्दभ्रमात नेहमी दोघं असतात, एक आगाऊ आणि एक सरळमार्गी. फनहाउसमध्ये आगाऊ आहे रूडी. सरळमार्गी म्हणून उभा केला आहे खेळाडूला, जो उत्तर तोंडाने न देता पोलादी गोळ्याने देतो. बाहुलीला आणि प्रेक्षकाला असं समोरासमोर भिडवलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. आम्ही आमच्या आकृत्यांना धक्का लागू नये म्हणून पुढे बांबू आणि दोर बांधतो. इथे दिवसभर लोक थोबाडीत गोळे मारतात, गोळा जबड्याच्या आत जाऊन बाहेर येतो, आणि पस्तीस वर्षांनीही तो जबडा चालतो आहे. फायबर आणि बिजागरीचं काम करणाऱ्याला याची किंमत कळेल.

रूडी भीतीदायक वाटतो हे काहींच्या बाबतीत खरं आहे. हॉलमध्येही काही मुलं त्या यंत्राला वळसा घालून जायची. पण तो उद्धट, खोडकर आणि झोपाळू आहे, दुष्ट नाही. भीती वाटते ती त्याच्या जिवंतपणाची, आणि ते बनवणाऱ्यांचं यश आहे. लोकांनीही ते उचलून धरलं. अर्थशेकरच्या ५,२५७ प्रती निघाल्या होत्या, व्हर्लविंडच्या सुमारे ७,३००, फनहाउसच्या १०,७५०. विशेष म्हणजे या यंत्रामागे कोणताही चित्रपट, मालिका किंवा ओळखीचा तारा नव्हता. लोकांनी रूडीला आधी कुठेच पाहिलेलं नव्हतं.

पुढे १९९२ साली याच लॉलर आणि डीमार यांनी ‘अ‍ॅडम्स फॅमिली’ या चित्रपटावरचं यंत्र केलं आणि ते २०,२७० विकलं गेलं. ते उत्तम यंत्र आहे, त्यात वाद नाही. पण धंद्याने त्यातून घेतलेला धडा मला खटकतो. आजही नवीन यंत्रं बहुतेक करून गाजलेल्या चित्रपटांच्या किंवा बँडच्या नावावर निघतात. लॉलर यांनी १९९४ साली ‘रोड शो’मध्ये रस्ताबांधणीचा विषय घेऊन एक सोडून दोन बोलकी डोकी बसवली, पण ते ६,२५९ वर थांबलं. तोवर बाजारही उतरला होता. तरी माझं मत विचाराल तर दोन डोकी झाली की ती एकमेकांत रमतात आणि खेळाडूवरची नजर सुटते. विल्यम्सने १९९९ साली पिनबॉल बनवणंच बंद केलं. फनहाउसची जुनी यंत्रं लोक अजून दुरुस्त करकरून चालवतात, जाणकारांच्या आवडत्या यंत्रांत त्याचं नाव हमखास असतं.

हे सगळं मी एका वृत्तपत्राला का लिहितो आहे? फनहाउसचा आराखडा कोणाचा, प्रोग्रॅम कोणाचा, चित्र आणि आवाज कोणाचा, हे नावानिशी नोंदलेलं आहे म्हणून मला पुण्यात बसून आज लिहिता आलं. आमच्या हलत्या देखाव्यांचं तसं होत नाही. फोटो छापून येतो, खाली मंडळाचं आणि अध्यक्षांचं नाव असतं. आकृती कोणी घडवली, जोडणी कोणी केली, निवेदनाचा आवाज कोणाचा, काही नसतं. अलीकडे बरीच मंडळं पुतळ्यांऐवजी मोठे पडदे लावायला लागली आहेत, त्यामुळे हे काम करणारी जुनी माणसं हातावर हात ठेवून बसली आहेत. त्यांतल्या कित्येकांचं काम कुठेही लिहिलेलं नाही.

तेव्हा दोन विनंत्या आहेत. फनहाउसवर पुरवणीत स्वतंत्र लेख यावा, बाहुल्यांचं काम कळणाऱ्या माणसाकडून लिहून घेतलेला. आणि येत्या गणेशोत्सवात देखाव्यांचे फोटो छापाल तेव्हा मंडळाच्या नावाखाली कारागिरांची नावंही छापा. मंडळाकडे ती असतात. आपल्या वार्ताहराने विचारली तर कुणी नाही म्हणणार नाही.

आपला,
एक हलते देखावे करणारा वाचक,
पुणे