ड्राफ्टच्या टेबलावरून

बडोदे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस, मॅजिक (मॅजिक: द गॅदरिंग, तो पत्ते विकत घेऊन खेळायचा खेळ) हा पैसेवाल्यांचा खेळ, ज्याच्याकडे महागडे पत्ते तोच जिंकणार. फोनवर उत्तर दिलं असतं, पण हे सविस्तरच सांगायला हवं. परवा रविवारी मी अलकापुरीत ड्राफ्ट स्पर्धा खेळलो, आयुष्यातली पहिलीच. ड्राफ्टला तुझं म्हणणं लागू पडत नाही, हे मी पैजेवर सांगतो.

तिथे घरून काहीच न्यायचं नसतं. फीमध्येच प्रत्येकाला ३ सीलबंद पाकिटं मिळतात. टेबलाभोवती ८ जण बसतात. सगळ्यांनी एकदम पहिलं पाकीट फोडायचं, १४ पत्त्यांतला एक ठेवायचा आणि उरलेले डावीकडच्याला द्यायचे. उजवीकडून आले त्यातून पुन्हा एक. दुसरं पाकीट उलट दिशेने फिरतं, तिसरं परत डावीकडे. शेवटी निवडलेल्यांतले साधारण २३ पत्ते आणि माना, म्हणजे पत्ते खेळायला लागणारी ऊर्जा, देणारी १७ लँड मिळून ४० चा डेक, म्हणजे आपली गड्डी, बांधायचा. माझ्या शेजारचा कॉलेजचा मुलगा कैक वर्षं खेळतोय, त्याच्या घरी खोक्यांनी पत्ते आहेत. टेबलावर मात्र त्याच्यापुढेही तीनच पाकिटं होती!

आमची पाकिटं ‘फाउंडेशन्स’ या २०२४ च्या संचाची होती. पहिल्याच पाकिटात मला सेरा एंजल मिळाली. पाच मानाची, ४/४ (पहिला आकडा माराचा, दुसरा तग धरण्याचा), उडणारी, आणि हल्ला करूनही बचावाला उभी राहणारी. अर्थातच ठेवली. पत्त्यांना रंग असतात आणि डेक साधारण दोनच रंगांचा बांधतात, ही पांढरी, म्हणजे मी पांढऱ्या रंगात शिरलो. पण पुढे उजवीकडून येणाऱ्या पाकिटांत चांगलं पांढरं जवळजवळ काहीच नव्हतं. उलट सहाव्या-सातव्या निवडीलाही लॅनोवार एल्व्ह्‌ज पडून होते. एका मानाचा तो हिरवा क्रीचर, म्हणजे लढणारा प्राणी, आपल्या पुढच्या पाळीपासून स्वतःच माना देतो, असा पत्ता इतक्या उशिरापर्यंत उरतो म्हणजे उजवीकडचे लोक हिरवं घेतच नाहीयेत. पंगतीत शेवटच्या माणसापर्यंत पोचलेलं भांडं बघून आधीच्यांना काय आवडलं ते कळतं ना, तसंच. आणि नवव्या निवडीला तर माझंच पहिलं पाकीट फिरून परत आलं. ६ पत्ते उरले होते आणि त्यात जायंट ग्रोथ, क्रीचरचं बळ त्या पाळीपुरतं वाढवणारा हिरवा पत्ता, जागेवर होता. मधल्या सातही जणांनी तो सोडला होता! तिथे मी ठरवलं, मुख्य रंग हिरवा.

मला ड्राफ्टमधलं हेच सगळ्यात भावलं. निवडताना बोलायला मनाई, एकमेकांचे पत्ते बघायलाही मनाई, तरी सोडलेल्या पत्त्यांतून सगळे एकमेकांना आपले रंग सांगत असतात. मी हिरवं अडवून धरलं म्हणून डावीकडचा दुसऱ्या रंगांकडे वळला, आणि दुसरं पाकीट त्याच्या बाजूने फिरायला लागलं तेव्हा त्याच्याकडून मला हिरवं भरपूर आलं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, टेबलावर बसूनच उमगलं. समोरच्या एकाने मात्र डेकमध्ये न बसणारे दुर्मिळ पत्ते घेतले, नंतर विकता येतील म्हणून. निवडलेले पत्ते ज्याचे त्याचे, तेव्हा त्याचा तो हक्कच. पण खेळायला बसून खेळ सोडून द्यायचा, हे मला पटत नाही.

सामने तीन झाले, प्रत्येक तीन डावांपैकी दोनाचा. पहिला हरलो. निर्णायक डावात हातात दोनच लँड आणि तिसरं येता येईना, सेरा एंजल हातात धरूनच डाव गेला. फार लागलं मनाला. दुसऱ्या सामन्यात माझ्या २/२ च्या हल्ल्यापुढे समोरच्याने ४/४ आडवा घातला. माझं एकच हिरवं लँड मोकळं होतं. मी जायंट ग्रोथ टाकला, माझा ५/५ झाला आणि त्याचा ४/४ थेट कब्रस्तानात, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात. तो गडी माझा पत्ता परत परत वाचत राहिला, मग हसून ‘मस्त छे’ म्हणाला. तो सामना जिंकलो, तिसराही जिंकलो.

आणि एक गोष्ट तुला, गणिताच्या माणसाला, आवडेल. हा खेळ रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने केला, १९९३ मध्ये. सेरा एंजल, एल्व्ह्‌ज, जायंट ग्रोथ हे तिन्ही पत्ते त्याच्या अगदी पहिल्या संचातले. तेच पत्ते इतक्या वर्षांनी बडोद्यात माझ्या हातात यावेत, याचं मला फार अप्रूप वाटलं.

तेव्हा दिवाळीत इकडे येच. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी बैठक जमवू. ८ जण नाही जमले तरी चौघांत ड्राफ्ट होतो, फक्त पाकीट लवकर फिरून येतं, म्हणून कोण काय घेतंय ते आणखी स्पष्ट दिसतं. दोघं इकडचे तयार आहेत. नियम तासाभरात सांगतो, मेंढीकोटात कुठला पत्ता पडला आणि कुठला राहिला हे तू जसं लक्षात ठेवतोस त्यावरून तुला जड जाणार नाही. कोणत्या तारखेला येतोस ते आठवड्यात कळव, म्हणजे तेवढी पाकिटं मी आधीच मागवून ठेवीन.

तुझ्या आईबाबांना नमस्कार सांग.

तुझाच